टिचबटणाच्या पुठ्ठ्यावरची कला

सुया, हूक, टिचबटणं, दोऱ्याची रिळं यांच्या जुन्या सचित्र वेष्टनांना आज संग्राहकांत चांगला भाव आहे. त्यांच्याविषयीचं लिखाण मात्र बहुतेक वेळा ‘किती गोड!’ म्हणून थांबतं. ही चित्रं माल खपवण्यासाठी काढलेली होती. ते काम कोणत्या चित्रानं चोख केलं, हे विचारल्याशिवाय त्यांची प्रतवारी लागत नाही.

माझ्या मते या कलेचा कळस प्रागमध्ये झाला. यिंद्रिख वाल्देस यांनी 1902 मध्ये तिथे सुरू केलेल्या कारखान्याची ‘कोहिनूर’ टिचबटणं जगभर गेली. त्यांच्या पुठ्ठ्यावर हसऱ्या बाईचा चेहरा आहे आणि एका डोळ्यावर, एकभिंगी चष्मा बसवावा तसं, टिचबटण. 1912 मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या बोटीवर वाल्देस यांच्या एका सहप्रवासिनीनं गमतीनं बटण डोळ्याला लावलं, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. कच्चं रेखाटन फ्रान्तिशेक कुप्का यांचं, म्हणजे अमूर्त चित्रकलेच्या आद्य चित्रकारांपैकी एकाचं. पक्कं रूप वोयत्येख प्राइसिग यांनी दिलं. खाली टाचलेला माल आणि वरचा डोळा एकच. बटण काढून घेतलं तर चित्रच उरत नाही. वाल्देस ज्यू होते. 1939 मध्ये नाझींनी त्यांना अटक केली. कुटुंबानं खंडणी भरून सोडवलं, पण 1941 मध्ये हवानात त्यांचा मृत्यू झाला. त्या बाईचं हसू मात्र पुढेही पुठ्ठ्यांवर छापलं जात राहिलं.

मालालाच चित्राचा गाभा करण्याची ही अक्कल अमेरिकेतल्या दोऱ्याच्या जाहिरातपत्रिकांतही दिसते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला जंबो हत्ती 1882 मध्ये बार्नमच्या सर्कशीनं विकत नेला, तेव्हा तो आमच्या दोऱ्यानं ओढला जातोय असं चित्र विलिमॅंटिक कंपनीनं छापलं. अतिशयोक्ती खरीच, पण गिऱ्हाइकाच्या मनातल्या शंकेवर नेमकं बोट ठेवणारी: शिवणयंत्राच्या झटक्यांना हा दोरा टिकेल का?

याउलट विसाव्या शतकातली सुयांची घडीची पुस्तकं मला थिटी वाटतात. आत चकचकीत कागदावर सुया पंख्यासारख्या मांडलेल्या, वर शिवत बसलेली गोरी गृहिणी. तीच बाई साबणाच्या वडीवरही चालली असती. त्यांतल्या काही पुस्तकांवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा बारीक शिक्का असतो; युद्धानंतर जपान परकीय ताब्यात असतानाचा. मुखपृष्ठापेक्षा तो शिक्काच अधिक बोलतो.

आज टिचबटणं पारदर्शक प्लास्टिकमागे मिळतात. माल थेट दिसतो, त्यामुळे चित्राला कामच राहिलं नाही. ‘जुन्या धर्तीची’ म्हणून नव्यानं छापलेली पाकिटं तर कागदाचा पिवळेपणाही छापून घेतात. त्यांत बाई आहे, फुलं आहेत. बटणाविषयी किंवा सुईविषयी एकही विचार नाही. ही नक्कल मला मान्य नाही.

घरातल्या शिवणाच्या डब्यात असा जुना पुठ्ठा सापडला, तर उरलेली टिचबटणं उसवून काढू नका. ती टाचलेली असतील तरच चित्र पूर्ण होतं. सुया मात्र पाकिटातून काढून वेगळ्या ठेवा. त्यांचा गंज कागदात उतरला की निघत नाही.