खुशालीचे पत्र आणि आपला शिपाई

दलित साहित्याने शिपाई पाहिला तो परेडवरचा. रजेवर घरी आलेला, रात्रभर अंगणात बसून राहिलेला शिपाई आपल्या लेखनात मला जवळजवळ आढळत नाही. ही उणीव अपघाताने राहिली असे मी मानत नाही.

कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्यांतली 'नाक' प्रत्ययाची नावे आपण अभिमानाने वाचतो. पुढे इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चे शास्त्र उभे केले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या छावणीने पोराबाळांना शाळा दाखवली तिचीच दारे मिटली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला; शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे दाद मागितली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभारली गेली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट आली. या साऱ्या अर्जांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: आम्ही शूर आहोत. अर्जात भीती लिहिता येत नाही. झोप उडालेला एक शिपाई कबूल केला असता तरी विरोधकाच्या हाती पुरावा गेला असता. माझा आक्षेप एवढाच, की तो अर्ज मंजूर होऊन इतकी वर्षे लोटली तरी आपले साहित्य शिपायाविषयी अर्जाच्याच भाषेत बोलते.

पांढरपेशा साहित्याचीही गत फार निराळी नाही. विश्राम बेडेकरांनी 'रणांगण'मध्ये १९३९ सालीच युद्धाने उद्ध्वस्त केलेली माणसे दाखवली. पण ती बोटीवरची, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू माणसे. गावच्या शिपायाच्या घरात शिरण्याऐवजी आपल्या समाजाने 'वीरमाता', 'वीरपत्नी' ही बिरुदे काढली. बिरुद लागले की बाईला रडायचीही चोरी होते.

दुसऱ्यांनाच दोष देऊन मी मोकळा होणार नाही. १९७१ च्या हिवाळ्यात मी तीर्थपुरीत शाळकरी पोर होतो. वस्तीतल्या एका आजीचा बावीस वर्षांचा मुलगा पलटणीत होता. पत्त्यात त्याचे नाव, नंबर आणि '५६ एपीओ'. "हे कोणतं गाव रं बाबा?" असे ती दर पत्राला विचारी. ती सांगे, मी आंतरदेशीय पत्रावर उतरवी. "लिव्ह, रातच्याला उठून बसते म्हणाव. कडी वाजली तरी छातीत धस्स व्हतंय." बाजूला बसलेले जाणते म्हणत, "हे नको लिहू, पोराचं मन खचंल." मग मी लिही, 'इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत.' सून दाराआड उभी असे. तिची अशी एक ओळही पत्रात नसे. तिकडूनही खुशालीच येई.

३ डिसेंबरला पेटलेली लढाई १६ डिसेंबरला संपली. तो धडधाकट परतला. जेवायला मात्र भिंतीला पाठ लावूनच बसे. एकदा त्याच्या लेकराने मागून गळ्यात हात टाकले, तर त्याने त्याला झिडकारून फेकले आणि मग स्वतःच हमसून रडला. आजीने दृष्ट काढली, अंगारा लावला. गावात तो 'मिल्ट्रीवाला'; त्याला सलाम मिळत. त्या रडण्याला आमच्याकडे शब्दच नव्हता.

मेलेल्या ढोराचे मांस खाल्ल्याचे ज्या साहित्याने जगाच्या तोंडावर सांगितले, त्याने शिपायाच्या भीतीची लाज का धरावी? भूक आपल्याला जातिव्यवस्थेने दिली म्हणून ती लिहिली. मग दुसरा रोजगार नाही म्हणून पलटणीत गेलेल्या पोराची उडालेली झोप कुणी दिली?

हा केवळ वाङ्मयीन प्रश्न नाही. आमच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पोरे धावतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेने साडेसतरा वर्षांच्या पोरालाही चार वर्षांसाठी घेतले जाते. त्यांतले फार तर पंचवीस टक्के कायम होतात. उरलेल्यांनी बाविशीच्या आसपास पेन्शनविना घरी यायचे. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर गेला. तेव्हाचा वाद भरपाईच्या रकमेवर रंगला.

ती सून आता म्हातारी झाली आहे. मागच्या उन्हाळ्यात मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. म्हणाली, "आता काय इचारता गुरुजी? तवा लिहायचं व्हतं." तरी ती सांगते आहे. वही निम्मी भरली आहे.