टरेट का उडतं? रशियन रणगाड्यांतल्या तडजोडींचा हिशोब

२०२२ पासून युक्रेनमधले व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. रणगाड्याला काहीतरी लागतं, ज्वाळांचा फवारा उठतो आणि मग कित्येक टनांचं टरेट डब्याच्या झाकणासारखं हवेत जातं. त्यावरचं ठरलेलं मत म्हणजे "रशियन माल, भंगार!" माझं काम मटेरियल सायन्समधलं आहे, रणगाडे बनवण्याचं नाही. तरी या मतावर माझा आक्षेप आहे, कारण टीका म्हणून ते फार स्वस्त आहे. या रणगाड्यांवर खरी टीका करता येते आणि ती यापेक्षा कडक आहे. पण त्यासाठी आधी बघावं लागतं की डिझाइन करणाऱ्यांनी काय मिळवण्यासाठी काय सोडलं.

आधी कमाई बघू

टी-७२ सोव्हिएत सैन्यात १९७३ मध्ये आला. टी-९० हा त्याचाच वंशज. दोन्हींत तोफेत गोळा भरणारा माणूस नाही, ते काम ऑटोलोडर करतो. म्हणजे चारऐवजी तीन माणसं: कमांडर, गनर आणि ड्रायव्हर. एक माणूस कमी म्हणजे फक्त एक पगार कमी असं नाही. गोळा भरणाऱ्याला हात-पाय हलवायला, जवळजवळ उभं राहायला जागा लागते. ती जागा गेली की आख्खा रणगाडाच आक्रसतो.

किती? टी-७२ च्या आतली जागा साधारण ११-१२ घनमीटर धरतात, लेपर्ड-२ ची १९ च्या आसपास. गुणोत्तर साधारण ०.६. आता चिलखत आकारमानाला नाही, पृष्ठभागाला लागतं. पृष्ठभाग आकारमानाच्या दोन-तृतीयांश घाताने बदलतो, म्हणून ०.६ चा दोन-तृतीयांश घात काढा. उत्तर येतं ०.७१. थोडक्यात, तेवढ्याच जाडीचं चिलखत २९ टक्के कमी वजनात बसतं. तोफ, इंजिन, पट्टे मात्र त्या प्रमाणात लहान होत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी असतो. टी-७२बी ४४.५ टन, त्याच काळातला लेपर्ड-२ए४ ५५ टन. म्हणजे ०.८१. आपला ढोबळ हिशोब बरोबर दिशेने जातोय.

हे दहा टन कागदावरचे नाहीत. पूर्व युरोपातल्या मैदानात नद्या आणि पूल भरपूर. रणगाडे रेल्वेने न्यायचे आणि हजारोंनी बनवायचे. तिथे हलका, बुटका रणगाडा हे शहाणपणच होतं.

मग किंमत कुठे चुकवली?

टी-७२ चा ऑटोलोडर म्हणजे टरेटच्या खाली, तळाशी बसवलेली गोल फिरती चकती, कॅरोसेल. तिच्यात २२ गोळे असतात. प्रत्येक गोळा दोन भागांत: पुढचा मारा करणारा भाग वेगळा आणि मागची दारू वेगळी. त्या दारूचं आवरणही बहुतांशी जळून जाणाऱ्या पदार्थाचं.

तळाशीच का? कारण १९६०-७० च्या विचारानुसार गोळा समोरून येणार होता. रणगाडा उंचवट्याआड उभा असेल तर तळ सगळ्यांत सुरक्षित. हा तर्क चुकीचा नव्हता. अडचण अशी की तो एका गृहीतकावर उभा होता. १९९४-९५ च्या हिवाळ्यात ग्रोझनीत रॉकेट इमारतींच्या गच्चीवरून आणि तळघरातून आली. युक्रेनमध्ये जॅव्हलिन क्षेपणास्त्रं आणि ड्रोन वरून आले. तळ सुरक्षित राहिला नाही.

आता टरेट का उडतं ते बघू. एका चार्जमध्ये साधारण ५ किलो दारू. २२ चार्ज म्हणजे शंभर किलोच्या वर. अशी एक किलो दारू जळली की सामान्य तापमान आणि दाबाला साधारण एक घनमीटर वायू होतो. म्हणजे शंभराहून जास्त घनमीटर वायू, आणि डबा अकरा-बाराचा. तो वायू थंड असता तरी दाब नऊ-दहा वातावरणांइतका झाला असता. प्रत्यक्षात तो हजारो अंशांवर असतो. दुसऱ्या बाजूला, १२ टनांचं टरेट २ मीटर व्यासाच्या भोकावर बसलंय असं धरा. नुसतं वजन उचलायला वातावरणाच्या ०.४ पटसुद्धा दाब लागत नाही. बोल्ट मोजले, फटींतून निसटणारा वायू वजा केला, तरी निकाल ठरलेलाच आहे.

कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो याच कारणासाठी: फुटायचंच असेल तर ठरलेल्या जागी, माणसापासून दूर फुटावं. अमेरिकन एब्रम्समध्ये बहुतेक गोळे टरेटच्या मागच्या कप्प्यात, दाराआड असतात. त्या कप्प्याचं छत मुद्दाम कमजोर ठेवलंय. आग वर जाते, माणसं वाचण्याची शक्यता उरते. कॅरोसेलमध्ये मात्र माणसं दारूच्या डोक्यावरच बसलेली असतात.

"मग पाश्चात्त्य रणगाडे भारी!" असं म्हणायच्या आधी थांबा. लेपर्ड-२ मध्ये १५ गोळे सुरक्षित कप्प्यात, पण आणखी २७ ड्रायव्हरशेजारी, तशा कप्प्याविना. डिसेंबर २०१६ मध्ये सीरियात अल-बाबजवळ तुर्कस्तानचे लेपर्ड-२ए४ उद्ध्वस्त झाले, तेव्हा काहींची टरेटंही उखडलेली दिसली. मुद्दा देशाचा नाही. दारू आणि माणूस एकाच खोलीत आहेत का, एवढाच प्रश्न आहे.

तडजोड कुठली आणि हट्ट कुठला

माझी खरी तक्रार इथे आहे. १९७३ ची तडजोड समजण्यासारखी होती. पन्नास वर्षांनी तीच तडजोड चालू ठेवणं, हा वेगळा निर्णय आहे.

टी-९०एम घ्या. कॅरोसेलबाहेरचे जादा गोळे आधी माणसांच्या आसपास ठेवलेले असायचे, ते आता टरेटमागच्या वेगळ्या पेटीत नेलेत. चांगली सुधारणा. पण याचा अर्थ धोका कळलेला आहे, आणि तरी कॅरोसेल जागच्या जागी आहे. कारण तो काढायचा तर पूर्ण रणगाडाच नवा करावा लागतो.

दुसरं, बाणासारख्या चिलखतभेदी गोळ्याची भेदनक्षमता मुख्यतः त्याच्या लांबीवर अवलंबून असते. कॅरोसेलचा व्यास रणगाड्याच्या रुंदीने बांधलेला आणि बाणाची लांबी कॅरोसेलने. नवे लांब बाण बसवायला लोडरमध्येच बदल करावे लागले.

तिसरं, रिव्हर्स गिअर. टी-७२ मागे जातो ताशी ४-५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने. लेपर्ड-२ जातो ३० च्या आसपास. गोळीबारात अडकलात तर टी-७२ मध्ये दोनच पर्याय: रांगत मागे जा, नाहीतर वळून कमजोर पाठ शत्रूला दाखवा. इंजिन आडवं आणि दोन्ही बाजूंना वेगळे गिअरबॉक्स, हीसुद्धा जागा वाचवण्याचीच युक्ती. पण टी-९०एम मध्येही रिव्हर्स जवळपास तसाच राहतो, तेव्हा मी त्याला तडजोड म्हणणार नाही. तो हट्ट आहे.

उत्तर रशियन अभियंत्यांना माहीत नाही असंही नाही. ९ मे २०१५ च्या संचलनात दिसलेल्या टी-१४ अर्माटामध्ये टरेट निर्मनुष्य आहे आणि तिघंही पुढे वेगळ्या कवचात बसतात. दारू एका खोलीत, माणसं दुसऱ्या. पण तो मोठ्या संख्येने बनला नाही, आणि आघाडीवर पाठवले गेले ते टी-७२ चेच भाऊबंद.

हे आपल्याला का कळायला हवं?

कारण आपल्या सैन्याचे 'अजेय' आणि 'भीष्म' म्हणजे टी-७२ आणि टी-९०च. त्यांत बसणारी माणसं आपल्या गावांतलीही आहेत. पलीकडे आपला 'अर्जुन', ज्याची तोफ पुण्याच्या एआरडीईने बनवली: चार माणसं, हाताने गोळा भरणं आणि मार्क-१ए चं वजन ६८ टन. तो पुलांना जड पडतो म्हणून आपण नावं ठेवतो. दोन्ही तक्रारी एकाच समीकरणाच्या दोन बाजू आहेत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी रणगाड्याचं कौतुक करताना चिलखताची जाडी आणि तोफेचा व्यास सांगेल, तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. दारू कुठे ठेवलीय? आणि ती पेटली तर तिघांना बाहेर पडायला किती सेकंद मिळतात?