'मॉरोविंड' : भटकंती कोणाची?

संगणकावरचा खेळ हा पोरखेळ, असे म्हणून समीक्षेने त्याला वेशीबाहेर ठेवावे, हे मला मान्य नाही. २००२ सालचा 'मॉरोविंड' हा अमेरिकन खेळ घ्या. खेळणारा कैदेतून सुटून व्हार्डनफेल बेटावर उतरतो. कुठे जायचे हे दाखवणारी खूण नाही. लोकांना विचारायचे, ओढ्या-टेकड्यांवरून अंदाज बांधायचा, चालायचे. याच मालिकेतल्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर ठिकाणाची खूण आली. वाट सोपी झाली, शोध आटला. खुणेमागे चालणे हे हुकूम पाळणेच. कॉलेजपर्यंतची वाट विचारत विचारत काढणारा मी आमच्या घरातला पहिला. विचारण्याचे मोल मी जाणतो.

पण याच बेटावर खजीत आणि अर्गोनियन गुलाम मळ्यांत, खाणींत राबतात. किल्ली मिळाली तर एकेकाच्या मनगटातले कडे उघडता येते. खेळ जिंकायला मात्र त्याची गरज नाही, आणि गुलामगिरीची व्यवस्था शेवटपर्यंत उभीच राहते. मग हे स्वातंत्र्य कोणाचे? बेटावरचा डोंगरन् डोंगर पाहिला, पण एकही कडे उघडले नाही, अशा खेळाडूने बेट पाहिले असे मी म्हणणार नाही.