मारणारा हात नसलेले चित्र

वास्तववादी मुद्राचित्रातील हिंसेचा विचार बहुधा रक्त, शस्त्र आणि प्रेत या दृश्य खुणांभोवती फिरतो. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या गोयाच्या युद्धविषयक ऐंशी अम्लरेखनांनी ही दृष्टी घडवली. फ्रँकोच्या राजवटीत, १९६० च्या सुमारास स्पेनमध्ये उभ्या राहिलेल्या 'एस्ताम्पा पोपुलार' या गटाची वाट मात्र निराळी होती. लिनोकट व काष्ठठशांच्या स्वस्त प्रतींतून या चित्रकारांनी श्रमिकांचे जगणे मांडले. तेथे मारणारा हात अनेकदा चित्रात नसतोच. हिंसा वाकलेल्या पाठीत मुरलेली असते.

हा भेद महाडच्या इतिहासालाही लागू पडतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर, वीरेश्वराच्या मंदिरातही प्रवेश होणार या अफवेने चिथावलेल्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. ही प्रसंगनिष्ठ हिंसा होय. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. त्यात कोणाचे डोके फुटले नाही. पण माणसाचा स्पर्श विटाळ ठरवणारी ही हिंसा लाठीहून जुनी आणि चिवट होती.

या दुसऱ्या हिंसेला दृश्यरूप देणारा मराठी मुलखातील महत्त्वाचा मुद्राचित्रकार म्हणजे नागपूरला जन्मलेले आणि बडोद्यात मुद्राचित्रण शिकलेले सवी सावरकर. गळ्यात मडके अडकवलेला अस्पृश्य ही त्यांची आवर्तनाने येणारी प्रतिमा. पेशवाईतील पुण्याच्या ज्या प्रथेचा उल्लेख आंबेडकरांनी १९३६ साली केला, ती येथे देहाला जडलेली दिसते. अम्लरेखनात सुईने उघडी केलेली रेषा आम्ल खाते आणि त्या खाचेत शाई भरते. माध्यमाची ही प्रक्रियाच आशयाला जाऊन मिळते.

अशा प्रतिमेने दलित माणूस केवळ पीडित म्हणून गोठवला जातो, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु स्पॅनिश चित्रातील श्रमिकाविषयी प्रेक्षकाला सहानुभूती बाळगून मोकळे होता येते. येथे मडके कोणी अडकवले, हा प्रश्न प्रेक्षकाच्याच समाजाला विचारलेला असतो. शिवाय महाडच्या ओंजळीचे स्मरण असलेल्या वाचकाला हे मडके नियती वाटत नाही. ते उतरवता येते, हे १९२७ साली सिद्ध झाले होते. महाडचा क्रांतिस्तंभ त्या नकाराचे स्मारक आहे. नकार कशाला होता, हे सांगण्याचे काम मुद्राचित्र करते.