मोजलं काय: लॉबिंग की कायदा?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक तक्ता होता. अमेरिकेतली राज्यं, प्रत्येक राज्यातले नोंदणीकृत लॉबिस्ट, आणि खाली माझं बिनधास्त विधान: जिथे लॉबिस्ट जास्त, तिथे सरकारवर दबाव जास्त. सरांनी एवढंच विचारलं, "या यादीत नाव कुणाचं येतं?" मला सांगता आलं नाही.

लॉबिस्ट कोण, हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. कॅलिफोर्नियात कंपनीचा पगारी माणूस महिन्यातला किमान एक तृतीयांश कामाचा वेळ आमदार-अधिकाऱ्यांशी थेट बोलण्यात घालवत असेल, तरच तो लॉबिस्ट. एक चतुर्थांश वेळ घालवणारा यादीबाहेर. पण काम तोही तेच करतो ना?

पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथला 1998 चा लॉबिंग-प्रकटीकरण कायदा 2002 मध्ये न्यायालयात टिकला नाही. वकीलही लॉबिंग करतात, आणि वकिली व्यवसायाचं नियमन हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार, असा तो वाद होता. नवा कायदा 2006 मध्ये झाला, 2007 पासून लागू झाला. मधल्या काळात तिथलं लॉबिंग थांबलं होतं का? अर्थातच नाही.

आता 'हायर्ड गन्स' बघा. सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटीने 2003 मध्ये 48 प्रश्न लावून 50 राज्यांच्या कायद्यांना 100 पैकी गुण दिले. वॉशिंग्टन राज्य पहिलं आलं. काम मोलाचं आहे; इतके वेगवेगळे कायदे एका पट्टीवर आणणं सोपं नाही. माझा आक्षेप आपण ते वापरतो कसं, यावर आहे. हे गुण कायदा किती उघड करायला लावतो याचे आहेत, लॉबिंग किती चालतं याचे नाहीत. शिवाय व्यापक व्याख्येला गुण जास्त, आणि त्याच व्याख्येमुळे नोंदणीही जास्त. मग दोन्हींचा सहसंबंध काढून "सापडलं!" म्हणायचं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजायची. मी नेमकं तेच केलं होतं.

म्हणून डेटा डाउनलोड करण्याआधी त्या कायद्याचं व्याख्येचं कलम वाचा. तक्त्यात व्याख्येचा आणि कायदा बदलल्याच्या वर्षाचा वेगळा रकाना ठेवा. शक्य असेल तर एकच राज्य घ्या आणि व्याख्या न बदललेली वर्षं तपासा. माझं विधान त्यामुळे बरंच आक्रसलं, पण व्हायवात त्यावर उभं राहता येईल.