जनुककार्यांच्या आकृती आणि त्यांचे वाचन

जनुकांची कार्ये सांगणारी परिभाषा आकृतीचे रूप घेते, तेव्हा तिच्यातील किती अर्थ टिकतो आणि किती लोपतो, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच भाषाविचाराचाही आहे. १९९८ साली फळमाशी, यीस्ट व उंदीर यांच्या जनुकांचे माहितीसंग्रह एकत्र आले आणि ‘जीन ऑन्टॉलजी’ ह्या नियंत्रित परिभाषेचे कार्य सुरू झाले. रेणवीय कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीतील स्थान असे तिचे तीन विभाग होत. तिच्यातील संज्ञा व्यापक-व्याप्य संबंधाने बांधलेल्या असून एका संज्ञेला अनेक जनकसंज्ञा असू शकतात. जनुकास संज्ञा जोडणारे प्रत्येक विधान ही एक कार्यनोंद. आणि त्या विधानास कोणत्या प्रकारचा आधार आहे, हे दर्शविणारे चिन्ह नोंदीबरोबरच दिलेले असते.

अशा सहस्रावधी नोंदी दृष्टिक्षेपात आणण्यासाठी महाजालावर जी साधने उपलब्ध झाली, त्यांत २००६ साली प्रसिद्ध झालेले ‘वेगो’ विशेष प्रचारात आले. दोन जनुकसंचांतील किती टक्के जनुके कोणत्या संज्ञेखाली येतात, हे ते शेजारशेजारच्या स्तंभांनी दाखविते. त्याची सुलभता वादातीत आहे. परंतु त्याच्या परिचित आकृतीतील उभे माप लघुगणकीय असते. ०.१ ते १०० टक्के एवढ्या मापावर ४० व २० टक्के ह्यांच्या स्तंभांत जेवढे अंतर दिसते, तेवढेच ०.४ व ०.२ टक्के ह्यांच्यातही दिसते. पहिल्या ठिकाणी संचाच्या एकपंचमांशाचा फरक आहे. दुसऱ्या ठिकाणी पाचशेंत एका जनुकाचा. शिवाय एकच जनुक अनेक संज्ञांखाली मोजले जात असल्यामुळे स्तंभांची बेरीज शंभर होत नाही. ज्याला ही लिपी अवगत नाही, त्याचा डोळा येथे हमखास फसतो.

याहून गंभीर दोष पुराव्याविषयीचा आहे. वेगोच्या मूळ नोंदपद्धतीत जनुकाचे नाव आणि त्यापुढे संज्ञांचे क्रमांक एवढेच येते. त्यामुळे प्रयोगाने सिद्ध झालेले विधान आणि अनुक्रमाच्या साम्यावरून यंत्राने केलेले अनुमान ही दोन्ही एकाच उंचीची ठरतात. भाताच्या अनेक जनुकांची कार्ये अॅराबिडॉप्सिस ह्या वनस्पतीतील सदृश जनुकांवरून अनुमानिलेली आहेत. मग ह्याच दोन वनस्पतींचे स्तंभ जुळले, तर ते साम्य सृष्टीतील मानावे की नोंदीतील? जे गृहीत धरले तेच निष्कर्ष म्हणून हाती आले, तर त्यास शोध म्हणता येत नाही.

अभावाचेही तसेच आहे. मूळ परिभाषेत ‘हे कार्य नाही’ असे निषेधवाचक विधान करता येते. ‘शोधले, परंतु माहिती आढळली नाही’ असेही नोंदविता येते. ‘नाही’, ‘आढळले नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’ हे तीन वेगळे अर्थ होत. अनुपलब्धीचा सूक्ष्म विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रपरंपरेला हा भेद नवा नाही. आखूड स्तंभ मात्र तिघांचा फरक सांगू शकत नाही.

२०११ सालच्या ‘रेव्हिगो’ने वेगळी अडचण हाती घेतली. समानार्थी किंवा जवळच्या संज्ञांची लांबलचक यादी घेऊन ते प्रत्येक गटाची एक प्रातिनिधिक संज्ञा निवडते व अर्थसाम्यानुसार संज्ञांना प्रतलावर बिंदुरूपाने मांडते. पुनरुक्ती टाळण्याचा हा मार्ग उपयुक्त आहे. तथापि किती साम्य असता संज्ञा गाळावी, ही मर्यादा वापरणाऱ्याने ठरवावयाची असते, आणि ती बदलली की प्रतिनिधीही बदलू शकतात. आकृतीच्या दोन अक्षांना स्वतःचा जैविक अर्थ नसतो. बिंदूंमधील अंतर हेच काय ते बोलते, आणि तेही स्थूलमानाने.

ह्यावरून ही साधने त्याज्य ठरत नाहीत. ‘क्विकगो’सारख्या साधनात पुराव्याच्या प्रकारानुसार नोंदी निवडता येतात, म्हणजे उपाय हाताशी आहे. तुलना करण्यापूर्वी अनुमानित व प्रायोगिक नोंदी वेगळ्या कराव्यात, निषेधवाचक नोंदी बाजूला काढाव्यात, आणि परिभाषेची आवृत्ती, मापाचा प्रकार व साम्याची मर्यादा आकृतीखाली लिहावी. एवढे केले नाही, तर प्रबंधातील देखणा स्तंभालेख जनुकांविषयी फारसे सांगणार नाही. जनुकांविषयी कोणी किती लिहिले आहे, एवढेच तो सांगेल.