यादीतले विमान आणि आकाशातले विमान

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या आणि ठिबक सिंचनाच्या प्रतिकृतींशेजारी आता रेडिओ-नियंत्रित विमानही दिसू लागले आहे. नीती आयोगाने २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू केली. तिच्यात निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. २०१८ साली जाहीर झालेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि नंदुरबार त्यांतला एक. तेव्हा आज ना उद्या धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या आणखी शाळांतही ही साधने पोचतील, असे धरून चालायला हरकत नाही.

साधने पोचण्याआधी एक यादी पोचते. नवशिक्याने पहिल्या विमानासाठी कोणते विद्युत-सामान घ्यावे, याची ही यादी. ती कोणा एकाची नाही. विक्रेते देतात, चित्रफितींखाली ती असते, एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते. थोड्याफार फरकाने तिच्यात पुढील वस्तू असतात : ए २२१२ जातीची १००० केव्हीची मोटर, १० × ४.५ इंचांचा पंखा, ३० अँपियरचा वेगनियंत्रक म्हणजे ईएससी, ३ एस २२०० एमएएचची लिथियम-पॉलिमर बॅटरी, ९ ग्रॅमच्या चार सर्व्हो मोटरी आणि सहा चॅनेलचा ट्रान्समीटर-रिसीव्हर. या यादीचे परीक्षण करावे, असे आम्हाला वाटते. पुस्तकाचे परीक्षण आपण करतो, कारण त्यातून मुले काहीतरी शिकणार असतात. या यादीतूनही मुले काहीतरी शिकणारच आहेत.

आधी तिचे गुण. यादी वाईट नाही. हे सामान देशात सहज मिळते, एकमेकांशी बऱ्यापैकी जुळते आणि त्यावर अनेकांची पहिली विमाने उडाली आहेत. दोष आहे तो यादी जे सांगत नाही त्यात. या वस्तू एकमेकींशी का जुळतात, हे ती सांगत नाही. दुकानात एखादी वस्तू संपलेली असली आणि तिच्याऐवजी ‘जवळपास तशीच’ दुसरी आली, की वाचक निराधार होतो. नंदुरबारसारख्या ठिकाणी हे हमखास घडते. सामान मुंबई-पुण्याहून कुरिअरने मागवायचे किंवा रेल्वेने सुरत गाठायची. चुकीचा भाग परत पाठवून बरोबर भाग येईपर्यंत सत्र संपते.

यादीतली अक्षरेच पाहा. नववी-दहावीच्या मुलाला ती केवळ अनोळखी नाहीत, दिशाभूल करणारी आहेत. ‘केव्ही’ म्हणजे किलोव्होल्ट, असे पाठ्यपुस्तकाने शिकवलेले. येथे मात्र १००० केव्ही म्हणजे मोटरवर भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे. बॅटरीवर ‘२५ सी’ लिहिलेले असते. हा सी सेल्सिअसचा नाही, कूलोमचाही नाही. बॅटरीची धारकता २.२ अँपियर-तास असेल, तर २५ सी म्हणजे २.२ × २५ = ५५ अँपियरपर्यंत धारा देण्याचा उत्पादकाचा दावा. ‘३ एस’ म्हणजे तीन घट एकसर जोडणीत. प्रत्येकाचे सरासरी ३.७ व्होल्ट, म्हणून एकूण ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. तीन ओळींचा हा खुलासा यादीखाली छापला असता, तर यादी धड्यासारखी झाली असती.

दुसरा दोष क्रमाचा. यादी मोटरपासून सुरू होते, विचार मात्र वजनापासून सुरू व्हायला हवा. समजा, फोमशीटचे विमान करायचे आहे. सांगाडा आणि पंख ३५० ग्रॅम, बॅटरी १८०, मोटर-पंखा आणि त्यांची बैठक ७५, वेगनियंत्रक २५, सर्व्हो आणि तारा मिळून ५०-६०, रिसीव्हर १५; डिंक-पट्ट्या धरून बेरीज ७५० ते ८०० ग्रॅम. शिकाऊ, सावकाश उडणाऱ्या विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट शक्ती पुरते, असा हौशी मंडळींचा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. म्हणजे ८०० ग्रॅमला १२० ते १६० वॅट. मधला आकडा १४० घेऊ. शक्ती भागिले विभवांतर म्हणजे धारा : १४० ÷ ११.१ = सुमारे १२.६ अँपियर. वेगनियंत्रक यापेक्षा दीडपट क्षमतेचा घ्यावा. १९-२० अँपियरचा पुरेल, ३० चा असेल तर निश्चिंत. बॅटरी ५५ अँपियर देऊ शकते, तीही निर्धास्त. यादीतला ३०चा आकडा बरोबरच होता, पण तो का बरोबर आहे हे आता कळले. हे सारे गणित शालेय विज्ञानाच्या पाठांबाहेर जात नाही.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. यादी वाचणाऱ्याचा असा समज होतो की आकडा मोठा तर वस्तू चांगली. ए २२१२ हे मोटरच्या आकारमानाचे नाव आहे, वेगाचे नाही. त्याच नावाखाली १०००, १४०० आणि २२०० केव्हीच्याही मोटरी मिळतात, दिसायला जवळजवळ सारख्याच. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १००० ऐवजी २२०० केव्हीची मोटर आली आणि पंखा तोच दहा इंची ठेवला, तर तितक्या फेऱ्यांना २.२ चा घन म्हणजे दहापटीहून जास्त शक्ती लागेल. मोटर ती देऊ शकत नाही. धारा वाढत जाते, वेष्टन तापते आणि धूर निघतो. ‘थोडी ताकद वाढवू’ म्हणून ३ एसऐवजी ४ एस बॅटरी लावणाऱ्याचेही तेच. विभवांतर ४/३ पट, शक्तीची मागणी तिच्या घनाने म्हणजे सुमारे २.४ पट, धारा सुमारे १.८ पट. या मोटरची झेप १२-१३ अँपियरच्या आसपासच असते. जास्त केव्हीला लहान पंखा आणि कमी केव्हीला मोठा पंखा, हे एक वाक्य यादीत असते, तर कितीतरी मोटरी वाचल्या असत्या.

आता पंखा या विमानाला पुरेसा वेग देतो का, तेही पाहू. भार घेऊन मोटर मिनिटाला ८००० फेरे देते असे धरू. ४.५ इंच म्हणजे पंखा एका फेऱ्यात स्क्रूसारखा जितका पुढे सरकेल ते अंतर, ११.४ सेंमी. त्यावरून वेग येतो सेकंदाला सुमारे १५ मीटर, ताशी ५५ किमी. पंखाचा विस्तार १.२ मीटर आणि रुंदी २० सेंमी असेल, तर ८०० ग्रॅमचे विमान ताशी २६-२७ किमीच्या खाली हवेवरचा आधार सोडू लागते. पंख्याचा वेग त्याच्या दुप्पट आहे, जोडी जमली. या हिशेबात आम्ही नंदुरबारच्या उन्हाळ्यातली हवा धरली आहे. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. शहरात ४२ अंशांच्या दुपारी ती १.०९ च्या आसपास, म्हणजे सुमारे ११ टक्के कमी. हजार मीटरहून उंच असलेल्या तोरणमाळला हवा सुखद, पण घनता याहूनही कमी. परदेशी थंड गावात लिहिलेल्या यादीला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला असले पाहिजे. पहाटे उडवावे, हा सल्ला केवळ वारा पडलेला असतो म्हणून नाही.

चौथी उणीव ट्रान्समीटरच्या ओळीत आहे. ‘२.४ गिगाहर्ट्झ’ एवढे वाचून एका कंपनीचा ट्रान्समीटर आणि दुसरीचा स्वस्त रिसीव्हर मागवला जातो आणि दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. भारतात हा पट्टा २००५ पासून कमी शक्तीच्या साधनांना परवान्याविना खुला आहे. पण पट्टा म्हणजे भाषा नव्हे. अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात हवा एकच असते, पण कोणी भिली बोलतो, कोणी पावरी, कोणी अहिराणी, कोणी गुजराती. आवाज कानावर पडतो, अर्थ लागेलच असे नाही. फ्लायस्काय, फ्रस्काय, स्पेक्ट्रम, फुटाबा यांच्या संदेशपद्धती अशाच वेगवेगळ्या आहेत. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या पद्धतीही नेहमी जुळत नाहीत. नवशिक्याने दोन्ही एकाच खोक्यातले घ्यावेत, हे उत्तम.

पाचवी उणीव कोणाच्या सहसा लक्षात येत नाही. रिसीव्हर आणि सर्व्हो यांना वीज कोठून मिळते? बहुतेक वेगनियंत्रकांत ५ व्होल्ट देणारा छोटा भाग असतो, त्याला बीईसी म्हणतात. ‘ऑप्टो’ असे लिहिलेल्या वेगनियंत्रकात तो नसतो. तो आणला तर रिसीव्हरचा दिवाच लागत नाही आणि मुले सारे सामान खराब समजतात. स्वस्त वेगनियंत्रकातला बीईसी बहुधा २ अँपियरचा असतो आणि उरलेले विभवांतर उष्णता म्हणून उधळतो. १ अँपियरला (११.१ − ५) × १ = ६.१ वॅट, म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग गनच्या चौथ्या हिश्श्याएवढी उष्णता एका काडेपेटीएवढ्या पट्टीत. अडकलेला छोटा सर्व्हो अर्ध्या अँपियरहून जास्त घेतो. चार एकदम अडकले, तर रिसीव्हरचे विभवांतर कोसळते आणि विमान बेभान होते. म्हणून प्रत्येक पाते हाताने सहज हलते की नाही, हे सर्व्हो जोडण्याआधी पाहणे हा विद्युत-तपासणीचाच भाग आहे.

सुरक्षिततेबद्दल यादी बहुतेक गप्प असते. लिथियम-पॉलिमर बॅटरी तिच्यासाठीच्या बॅलन्स चार्जरनेच, २.२ अँपियरहून अधिक धारा न देता, कोणीतरी समोर बसून भरावी. वाळू घातलेल्या मातीच्या भांड्यात ठेवून भरली, तर उत्तम. घटाचे विभवांतर ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. महिनाभर वापरायची नसेल, तर दर घट ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी वापरू नये. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ती ठेवू नये. टेबलावर मोटर तपासताना पंखा काढूनच तपासावी. मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोनांची अदलाबदल करावी. का, हे मुलांना शोधू द्यावे. उडवण्याआधी विमान जमिनीवर घट्ट धरून ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबली नाही, तर त्या दिवशी उड्डाण नाही.

कायद्याचीही एक ओळ हवी. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे साधन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ गटात येते. आपले ८०० ग्रॅमचे विमान दुसऱ्या गटात बसते. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतची मर्यादा आहे. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपले मैदान कोठे येते आणि नोंदणीबाबत त्या वेळी काय नियम आहेत, हे मुख्याध्यापकांनी आधी पाहून घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सारे जोडलेले, उडायला तयार विमान आणावे. आम्ही त्याला विरोध करणार नाही; उडवायला शिकण्यासाठी ते चांगलेच. पण प्रयोगशाळेसाठी आलेला पैसा विमान विकत घेण्यासाठी आलेला नाही, विमान समजून घेण्यासाठी आला आहे. यादी पाठ करून जोडलेले विमान उडाले तर मूल म्हणते, ‘यादी चांगली होती’. पडले तर म्हणते, ‘आपल्याला जमणार नाही’. दुसरे वाक्य आम्हाला फार महाग वाटते. दूरच्या पाड्यावरून पायी येणाऱ्या मुलीने ते एकदा स्वतःशी म्हटले की कोणतेही अनुदान ते सहज पुसून टाकू शकत नाही. आणि विमान पडण्याचे कारण तिची कुवत नसून २२०० केव्हीची मोटर असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यादी फेकून देऊ नये. तिला दोन रकाने जोडावेत. पहिला ‘हाच आकडा का?’, दुसरा ‘हा भाग न मिळाल्यास काय बदलावे लागेल?’ हे रकाने शिक्षकांनी भरू नयेत, आठवी ते दहावीच्या गटाने भरावेत आणि ते भरून होईपर्यंत पैसे पाठवू नयेत. त्या महिन्यात कागदाचे आणि फोमचे ग्लायडर उडवावेत. गुरुत्वमध्य मागे गेला की काय होते, हे फुकटात शिकता येते. सामान आले की वॅटमीटर लावून प्रत्यक्ष धारा मोजावी आणि १२.६ या कागदावरच्या आकड्याशेजारी लिहावी. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत, हा पुढच्या तासाचा विषय.